हौसेच्या सुतारकामातून फर्निचरचा जोडधंदा

पेण व रोहे तालुक्यांत भात हे मुख्य पीक आहे. जेथे कालव्याचे पाणी नाही तेथे झोडणी आटोपल्यावर, वालाचे पीक सोडल्यास, पावसाळ्यापर्यंत हातांस पुरेसे काम नसते. अशा दिवसांत पाट, बाक, देव्हारा हौसेने करणाऱ्यास त्यातून जोडधंदा उभारता येतो. मात्र हौसेत बिघडलेली वस्तू घरातच राहते. धंद्यात ती गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कारागिराचे नाव घालवते. म्हणून पुढील तीन गोष्टींकडे प्रथम लक्ष द्यावे.

लाकूड : साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडे स्वतःच्या शेतातील असली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगी घेऊनच तोडावीत. ओले लाकूड कधीही वापरू नये. ते उन्हाळ्यात आक्रसते, सांधे सुटतात व फळ्यांस चिरा पडतात. फळ्या सावलीच्या मोकळ्या मांडवात जमिनीपासून वीतभर उंच रचाव्यात. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवाव्यात व फळ्यांच्या टोकांस डांबर फासावे. एका फळीचे दर पंधरवड्यास वजन करावे. कोरड्या ऋतूत लागोपाठ तीन वेळा वजन सारखे भरले, म्हणजे लाकूड वाळले असे समजावे. वाळलेले लाकूडही पावसाळ्यात थोडे फुगते. म्हणून खण व दारे यांस बारीक फट ठेवावी. पेणचे मूर्तिकार भाद्रपदातील मागणीसाठी कित्येक महिने आधीपासून मूर्ती घडवितात. तसेच लग्नसराईसाठी लागणारे लाकूड आदल्या वर्षीच घेऊन ठेवावे.

हिशेब : समजा, एका बाकास लाकूड १,८०० रुपयांचे, खिळे, सरस व पॉलिश ४०० रुपयांचे आणि हत्यारांची झीज १०० रुपये लागली. कामाचे दिवस ४ आणि रोज ६०० रुपये धरल्यास मजुरी २,४०० रुपये होते. एकूण खर्च ४,७०० रुपये. तोच बाक ३,००० रुपयांस विकला तर कारागिरास दिवसाला केवळ १७५ रुपये पडतात. स्वतःची मजुरी न धरणारा धंदा फार दिवस टिकत नाही.

भांडवल : सन २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिले १ लाख रुपयांपर्यंत कर्ज यांची तरतूद आहे. एका कुटुंबातील एकासच लाभ मिळतो. पात्रता व नोंदणीची चौकशी ग्रामपंचायतीत करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी होतकरू तरुणांस कर्जाचा अर्ज देण्यापूर्वी फळ्या रचण्याची व हिशेबाची वही ठेवण्याची सवय लावावी. पहिल्या वर्षी बाक व पाट एवढेच करावे; हात बसल्यावरच कपाट व पलंग यांची मागणी स्वीकारावी.