एका फटक्याचे अंतर

मुलांनो, विटीदांडू तुम्ही खेळला असालच. दांडूने मारलेली विटी जितकी दूर जाईल, तितका आनंद अधिक! गोल्फ हा खेळही काठी आणि चेंडू यांचा आहे. परंतु त्यात चेंडू नुसता दूर धाडून भागत नाही. विस्तीर्ण मैदानावर दूरदूर अठरा खळगे असतात. प्रत्येक खळगा अवघा सव्वाचार इंच रुंद. ठरावीक जागेवरून चेंडू मारीत नेऊन त्या खळग्यात घालावयाचा, आणि ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो विजयी. दोनशे यार्ड जाणारा फटका एकच धरतात, आणि खळग्याजवळून दिलेला हलकासा टोलाही एकच! या खेळाचे सारे मर्म या हिशेबात आहे.

या खेळात भारताचे नाव उज्ज्वल करणारी अदिती अशोक हिचा जन्म २९ मार्च १९९८ रोजी बंगळुरू येथे झाला. तिच्या घरी कोणीच गोल्फ खेळत नसे. ती सुमारे पाच वर्षांची असताना आईवडिलांबरोबर एका उपाहारगृहात गेली होती. शेजारचे गोल्फचे मैदान तिच्या दृष्टीस पडले आणि या खेळाने तिच्या मनाची पकड घेतली ती कायमची.

१ जानेवारी २०१६ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, ती व्यावसायिक खेळाडू झाली. व्यावसायिक म्हणजे खेळ हीच जिची उपजीविका आहे अशी. हे जीवन दिसते तितके सुखाचे नसते. आज या देशात, तर पुढच्या आठवड्यात त्या देशात! बहुतेक स्पर्धांत पहिल्या दोन दिवसांत जे मागे पडतात, त्यांना रिकाम्या हातांनी परतावे लागते. त्याच वर्षी रिओ येथील ऑलिंपिकमध्ये ती खेळली. तिच्या काठ्यांची पिशवी वाहण्यास सोबत वडील होते. पुढे नोव्हेंबरमध्ये गुडगाव येथे भारतीय खुली स्पर्धा जिंकून, युरोपीय महिला मालिकेतील स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली.

अदितीचे लांब पल्ल्याचे फटके जगातील बलाढ्य खेळाडूंच्या मानाने तोकडे पडतात. ती उणीव ती खळग्याजवळच्या हिरवळीवर भरून काढते. तेथे बळ कामाचे नसते. जमिनीचा उतार ओळखणारी नजर आणि न थरथरणारा हात, हेच तेथले बळ.

टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले. काही महिने आधी अदितीला कोरोनाने गाठले होते, आणि तिचे फटके अधिकच आखूड झाले होते. जागतिक क्रमवारीत तिचे स्थान २०० वे. या वेळी पिशवी वाहण्यास आई होती. तरीही तीन दिवसांचा खेळ संपला तेव्हा ती दुसऱ्या स्थानावर होती! ७ ऑगस्टच्या पहाटे, गोल्फ कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नव्हते, असे अनेक भारतीयही दूरचित्रवाणीसमोर बसले. शेवटच्या खळग्यावर तिने दुरून टोला दिला; परंतु चेंडू खळग्यात पडला नाही. चार दिवसांत तिचे फटके झाले २६९. रौप्य व कांस्य पदके मिळविणाऱ्या दोघींचे प्रत्येकी २६८. अवघ्या एका फटक्याने पदक हुकले.

२०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत याहून कठीण प्रसंग आला. अखेरच्या दिवसापूर्वी ती सात फटक्यांनी आघाडीवर होती. सुवर्णपदक जणू हाती आलेच होते! पण त्या दिवशी खेळ बिघडला, ७७ फटके लागले आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. तरी तिने रौप्यपदक मिळविले. या स्पर्धेत गोल्फचे पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय. दुसरी एखादी खचून गेली असती. अदितीने मात्र दोन महिने लोटण्याच्या आतच स्पेनमधील खुली स्पर्धा जिंकली.

गोल्फमध्ये चुकलेला फटका पुसून टाकता येत नाही. तो हिशेबात राहतोच. परंतु चेंडू जेथे पडला असेल तेथे शांतपणे चालत जावे आणि पुढचा फटका नीट मारावा, एवढे खेळाडूच्या हाती असते. अभ्यासात आणि जीवनात आपल्या हाती तरी याहून अधिक काय असते?

प्रश्न
१. ‘या खेळाचे सारे मर्म या हिशेबात आहे’ असे लेखक का म्हणतो?
२. अदितीने आपली उणीव कशी भरून काढली?
३. ‘हातातोंडाशी आलेला घास जाणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.