जुनी व्हॅन की नवी हायब्रिड?

मोटार घेताना व्यापारी बंधू इंधनखर्चच पाहतात; आमच्या मते हिशेब तेथे संपत नाही. मारुती व्हॅन 1984 साली निघाली, पुढे ‘ओम्नी’ झाली व 2019 साली तिचे उत्पादन थांबले. सरकते दार व साधे इंजिन यांमुळे मालकांस ती आजही प्रिय आहे. परंतु इंजिन आसनाखाली असल्याने समोरच्या धडकेत चालकापुढे आडोसा फारसा नाही.

प्लग-इन हायब्रिडची बॅटरी घरच्या विजेवर भरते. जवळच्या फेऱ्या पेट्रोलावाचून होतात. रोज न भरल्यास मात्र ती जड बॅटरी म्हणजे अडकलेले भांडवलच होय. इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडास प्लग लागत नाही. तिची बॅटरी चालतानाच भरते.

बऱ्हाणपूरच्या धान्यबाजारापुरती जुनी व्हॅन अवश्य ठेवावी; कुटुंबास इंदुरास नेण्यास वापरू नये. जिवाची किंमत वहीत मांडता येत नाही.