संदर्भसूचीतील संकेतस्थळांचे पत्ते : अक्षरजुळणीचा एक प्रश्न

संदर्भसूची ही प्रबंधाच्या शेवटी जोडावयाची औपचारिकता नव्हे. लेखकाचे विधान पडताळून पाहण्याचा वाचकाला दिलेला तो अधिकार होय. ग्रंथाच्या नोंदीत एखादी वेलांटी चुकली तरी ग्रंथ बहुधा सापडतो. संकेतस्थळाच्या पत्त्यात मात्र एक चिन्ह अधिक-उणे झाले की नोंद निरुपयोगी ठरते. म्हणून पत्त्याची जुळणी ही अभ्यासकाचीही जबाबदारी आहे.

लॅटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसोबत वापरली जाणारी, ओरेन पटाश्निक यांची बिबटेक ही सूचीप्रणाली १९८५ची आहे. टिम बर्नर्स-ली यांनी महाजालाचा प्रस्ताव मांडला तो १९८९मध्ये. साहजिकच बिबटेकच्या मूळ शैलींत पत्त्यासाठी स्वतंत्र रकाना नाही. पुढे आलेल्या बिबलॅटेकमध्ये पत्ता व तो पाहिल्याचा दिनांक यांचे रकाने आहेत.

दुसरा प्रश्न ओळ तोडण्याचा. लांब शब्द तोडताना प्रणाली संयोगचिन्ह घालते. पत्त्यात असे चिन्ह शिरल्यास ते मूळचे की मुद्रणातले, हे वाचकास कळत नाही. डोनाल्ड आर्सेनो यांचे ‘यूआरएल’ पॅकेज पत्ता तिरकी रेघ, पूर्णबिंदू अशा ठिकाणी तोडते आणि स्वतःचे काहीही जोडत नाही. मूळच्या संयोगचिन्हापाशीही ते आपण होऊन ओळ तोडत नाही. हा संयम अर्थपूर्ण आहे.

मराठी पत्त्यांची अडचण याहून वेगळी. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचे सांकेतिक रूप पत्त्यात नऊ रोमी चिन्हांचे होते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे. त्यांची पंचेचाळीस होतात. शिवाय त्या रूपात टक्क्याचे चिन्ह वारंवार येते, आणि साध्या मजकुरात ते आले की लॅटेक त्यापुढील ओळ टीप समजून वगळते.

अशा वेळी पत्ता देवनागरीतच छापणे इष्ट. न्याहाळक त्याचे सांकेतिक रूप स्वतःच करून घेतो. त्यासाठी झीटेक अथवा लुआटेक वापरावे व पत्त्यांसाठी देवनागरी टंक निवडावा. अन्यथा अक्षरे पानावरून मुकाट्याने गळतात.

तथापि निर्दोष छापलेला पत्ताही उद्या बंद पडू शकतो. लेखक, शीर्षक, प्रकाशक संस्था व पाहिल्याचा दिनांक नोंदीत असल्यास मजकुराचा शोध अन्यत्र घेता येतो. केवळ पत्ता म्हणजे संदर्भ नव्हे, हे सूची करणाऱ्याने विसरू नये.