टोपीवरचा बिल्ला वाचताना

अकोला–वाशिम रस्त्यावरच्या आमच्या मेडशीसारख्या गावांत काही घरांच्या भिंतींवर वर्दीतला एखादा पूर्वज असतो. ‘आजा मिलिटरीत होता’ एवढंच घरच्यांना ठाऊक असतं. पलटण कोणती, काळ कोणता, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे पाहतात. अशा फोटोंवरून पलटण ओळखायचा मला नाद आहे. त्यातून हाती आलेलं इथे मांडतो.

१. आधी काळ ठरवा, मग पलटण.
बिल्ल्याच्या माथ्यावर मुकुट आहे की अशोकस्तंभाचे सिंह, हे पहिल्यांदा पाहा. मुकुट इंग्रजी अमदानीचा. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला आणि मुकुटाच्या जागी सिंह आले. एवढ्या एका खुणेने निम्मा गोंधळ मिटतो. काही बिल्ल्यांवर दोन्ही नसतात, तिथे बाकीच्या खुणा शोधाव्या लागतात.

२. बिगुल दिसला की ‘मराठा’ म्हणून मोकळे होऊ नका.
मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर बिगुल आहे हे खरं. पण बिगुल ही लाइट इन्फंट्री आणि रायफल पलटणींची सामाईक खूण. राजपुताना रायफल्सच्या बिल्ल्यावर आडव्या कट्यारींसोबत बिगुल असतो, गढवाल रायफल्सच्या बिल्ल्यावरही असतो. बिगुलाभोवती काय आहे आणि खालच्या पट्टीवर कोणती अक्षरं आहेत, ते भिंगातून पाहिल्याशिवाय बोलू नये.

३. महार रेजिमेंटचा बिल्ला स्वतःच तारीख सांगतो.
ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि स्तंभाबरोबर दोन आडव्या व्हिकर्स मशीनगन आल्या. पुढे स्तंभाची जागा खंजिराने घेतली. म्हणून नुसता स्तंभ दिसला, तर तो जवान दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला समजावा. अशा फोटोसमोर मी जरा जास्त वेळ थांबतो. ज्या समाजाला इंग्रजांनी आधी फौजेतून वगळलं होतं, त्याने पुन्हा मिळवलेली ती जागा आहे.

४. टोपी गप्प असली तर खांदा बोलतो.
पहिल्या महायुद्धातले आपले बरेच शिपाई फेट्यात दिसतात, आणि फेट्यावर बिल्ला असेलच असं नाही. तेव्हा खांद्यावरचे पितळी आकडे पाहावेत. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ या जुन्या मराठा पलटणी. १९२२ च्या फेररचनेत त्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. आकडा तीन अंकी असेल, तर फोटो बहुधा त्याआधीचा.

५. नाव ‘बेरार’ म्हणून माणूस वऱ्हाडातला नव्हे.
हिंगोली, एलिचपूर इथल्या छावण्यांमुळे आपल्याकडे हैदराबाद कंटिंजंट या जुन्या फौजेची आठवण अजून आहे. तिच्यातून ९६ वी बेरार इन्फंट्री आली, १९२२ ला ती एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली, आणि १९४५ ला त्या रेजिमेंटचं नाव कुमाऊं झालं. तिच्या बिल्ल्यावरचा क्रूस धरलेला सिंह हा हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कुलचिन्हातला. बेरार इन्फंट्रीत उत्तरेकडचे जवान बरेच होते. म्हणून पलटणीच्या नावावरून जवानाचं गाव ठरवू नये.

६. घरातली आठवण टिपून घ्या, पण तपासा.
‘आमचा आजा बसऱ्याले गेल्ता,’ असं जुन्या बाया सांगतात. बसरा हे पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेचं बंदर. तिथे कितीतरी पलटणी उतरल्या. त्याच मोहिमेतल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला वेढ्यातली फौज शरण गेली. बसऱ्याच्या आठवणीने मोहीम कळते, खांद्यावरच्या आकड्याने पलटण. दोन्ही जुळले, तरच पुढे जावं.

७. फोटो पुसू नका.
धूळ काढायला ओला फडका लावला की जुन्या छपाईचा थर सुटतो. मऊ, कोरडा ब्रश पुरतो. काचेवर चकाकी येणार नाही अशा तिरप्या उजेडात फोटो घ्या आणि बिल्ला मोठा करून पाहा. स्टुडिओवाले पेन्सिल आणि रंगाने हात फिरवत, त्यामुळे फार ठळक दिसणाऱ्या बिल्ल्यावर लगेच विश्वास ठेवू नये. मागची बाजूही पाहा. स्टुडिओचा शिक्का बेळगावचा की कामठीचा, यावरून छावणीचा अंदाज येतो.

८. शेवटचा शब्द कागदाचा.
बिल्ला रेजिमेंट सांगतो, माणसाची नोंद सांगत नाही. ट्रंकेतलं डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर आणि नाव शोधा. नंबर मिळाला की रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहिता येतं. मराठ्यांचं बेळगावला, महारांचं सागरला, गार्ड्सचं कामठीला, तोफखान्याचं नाशिक रोडला आहे. अर्ज कसा करायचा, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं.

भिंतीवरच्या माणसाचं नाव सांगू शकणारी पिढी आता थकली आहे. ती बसून बोलेल तोवर नाव, गाव, पलटण विचारून घ्या आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा. हे काम घरच्यांनीच करायचं आहे, आणि ते या दिवाळीच्या साफसफाईआधी करा.