सोळा तास घरी, तरी झोप अपुरी

प्रश्न : माझे पती मालगाडीचे लोको पायलट आहेत. ड्यूटीनंतर सोळा तास सुट्टी मिळूनही ते थकलेलेच असतात. असं का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, ही सुट्टी नव्हे, दोन ड्यूट्यांमधली मुख्यालयातली, म्हणजे नेमणुकीच्या ठिकाणची, विश्रांती. ड्यूटी आठ तासांहून कमी असेल तर बारा तास, त्याहून जास्त असेल तर सोळा. घड्याळ साइन ऑफपासून, म्हणजे ड्यूटी संपल्याच्या नोंदीपासून, सुरू होतं, डोळा लागल्यापासून नव्हे. घरी पोचणं, जेवण, बँकेची कामं, पुढच्या गाडीसाठी क्रू लॉबीतून येणारा फोन, सगळं त्याच सोळा तासांत बसवायचं. त्यातून सकाळी दहाला घरी आलेल्या माणसाला भर उन्हात, मुलांच्या गलबल्यात कितीशी गाढ झोप लागणार?

एका दमात गाडी चालवण्याची मर्यादा 2016पासून साधारणपणे नऊ तासांची आहे. साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत कमाल अकरा. पण मालगाडीला ठरलेलं वेळापत्रक नसतं. बाजूच्या लूप लाइनवर ताटकळलेला वेळही ड्यूटीच, आणि माझ्या मते तोच जास्त दमवतो, कारण सिग्नलवरची नजर हटवता येत नाही.

साप्ताहिक विश्रांती वेगळी : महिन्यात तीस तासांच्या चार किंवा बावीस तासांच्या पाच. हे तीस तास त्या सोळांमध्ये मिसळू नयेत, एकूण शेहेचाळीस मिळावेत, ही लोको पायलट संघटनांची जुनी मागणी. मला ती रास्त वाटते.

तूर्त त्यांची खोली अंधारी ठेवा, फोनवरचे निरोप तुम्ही घ्या. लॉबीचा फोन मात्र त्यांनाच द्यावा लागेल.