आठवणींचे चित्रीकरण आणि घरचा संगणक

आपल्या वसतिगृहाच्या पहिल्या तुकड्यांतील ज्येष्ठांच्या आठवणी चित्रफितीवर नोंदवून ठेवण्याचे काम गेली काही वर्षे अनेक माजी विद्यार्थी घरी बसून, पदरमोड करून करीत आहेत. ज्या समाजाची कागदपत्रे फारशी कोणी जपली नाहीत, त्याच्या इतिहासासाठी मौखिक साक्ष हे पहिल्या प्रतीचे साधन असते. या कामासाठी संगणक घेताना मी ज्या चुका केल्या, त्यांतील एक भरून न येणारी होती. म्हणूनच इतिहासाच्या शिक्षकाने हा विषय हाती घेतला आहे.

मी साठवलेले सारे पैसे ग्राफिक्स कार्डावर घातले आणि वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला दुकानात सर्वजण एसएमपीएस म्हणतात, तो मात्र कॅबिनेटबरोबर आलेलाच राहू दिला. त्यावर ठळक अक्षरांत 450 वॅट असे छापले होते. एका रात्री संपादित चित्रफीत तयार होत असताना संगणक अचानक बंद पडला. मी पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद पडला. तिसऱ्या वेळी हार्ड डिस्कनेच प्रतिसाद देणे सोडले. तिच्यावर एका निवृत्त गुरुजींची सव्वादोन तासांची मुलाखत होती, आणि कॅमेऱ्यातील कार्ड मी आधीच पुसून टाकले होते. पुन्हा मुलाखत घेण्यापूर्वी गुरुजी निवर्तले.

नंतर त्या डब्यावरील बारीक मजकूर वाचला. 12 व्होल्टच्या रकान्यात 18 अँपिअर लिहिले होते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे आपण शाळेत शिकवतो. गुणाकार 216 येतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची भूक मुख्यतः याच 12 व्होल्टवर भागते. ठळक आकडा बाजारासाठी आणि बारीक आकडा यंत्रासाठी असतो, हे मला तेव्हा उमगले.

आता कार्डाकडे वळू. मोबाईल व साधे कॅमेरे एच.264 किंवा एच.265 पद्धतीने चित्रीकरण दाबून साठवतात. सेकंदाला 25 किंवा 30 चित्रे असली तरी प्रत्येक चित्र पूर्ण नोंदले जात नाही. एक पूर्ण, आणि पुढे केवळ झालेला बदल. दुकानदाराच्या खतावणीत मधल्या पानांवर फक्त जमाखर्च असावा आणि शिल्लक कळण्यासाठी मागील बेरजेपर्यंत जावे लागावे, तसेच हे. संपादन करताना आपण चित्रफीत पुढे-मागे सरकवतो तेव्हा संगणक ही बेरीज सतत करीत असतो. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्समध्ये या कामासाठी ‘क्विक सिंक’ नावाची स्वतंत्र सोय आहे. नावाच्या शेवटी ‘एफ’ अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये मात्र अंगभूत ग्राफिक्सच नसते. थोडे पैसे वाचतात म्हणून आय5-12400 ऐवजी 12400एफ घेणारे ही सोय गमावून बसतात.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे की, एका-दोन कॅमेऱ्यांची फुल एचडी मुलाखत कापणे, जोडणे आणि नावे टाकणे एवढेच काम असेल तर वेगळे कार्ड घेऊच नये. ते पैसे चांगल्या मायक्रोफोनवर खर्च करावेत. पुसट चित्र चालते, पुसट आवाज चालत नाही. रंगदुरुस्ती, अनेक परिणाम आणि 4के चित्रीकरण आले की कार्ड लागते. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ तर कार्डावर फारच विसंबून असते. (चित्रातील दाणेदारपणा घालवण्याची त्यातील सोय मोफत आवृत्तीत नाही, हेही आधी जाणून घ्यावे.) येथे कार्डाची स्वतःची मेमरी महत्त्वाची. ती अपुरी पडली की काम तेथेच अडते. आरटीएक्स 3060 च्या 12 जीबीच्या कार्डाला 170 वॅट लागतात. नंतर आलेल्या 4060 ला 115 वॅट पुरतात, पण मेमरी 8 जीबी. 4के करणाऱ्याने मी पहिले सुचवीन. विजेची ओढाताण असलेल्या गावी दुसरे.

हिशेब असा मांडावा. आय5-12400 पूर्ण ताणात 117 वॅट घेतो, 3060 कार्ड 170. मदरबोर्ड, डिस्क, पंखे मिळून 50 धरा. बेरीज सुमारे 340. कार्ड क्षणभर याहूनही अधिक ओढते, म्हणून कार्डाची कंपनी 550 वॅटचा एसएमपीएस सुचवते. ‘80 प्लस ब्राँझ’ हे चिन्ह किती वीज वाया जात नाही एवढेच सांगते. डब्याच्या टिकाऊपणाची ती हमी नव्हे. कार्डाची तार थेट एसएमपीएसमधून आलेली असावी, जोडतुकडा लावून ओढलेली नसावी. आणि एका एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या तारा दुसऱ्याला कधीही लावू नयेत. टोक बसते, पण आतील जोडणी वेगळी असू शकते.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. 340 वॅट देण्यासाठी एसएमपीएस भिंतीतून सुमारे 400 वॅट घेतो. घरोघरी दिसणारा 600 व्हीएचा यूपीएस सामान्यतः 360 वॅटच पेलतो, म्हणजे वीज गेल्याक्षणी तोही साथ सोडेल. त्यासाठी 1000 व्हीएच्या आसपासचा घ्यावा आणि त्यावरील वॅटचा आकडा वाचून घ्यावा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

चित्रीकरण दोन निरनिराळ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड आता मी पुसत नाही, आणि त्यांतील एक डिस्क संगणकाला जोडलेली ठेवत नाही. गुरुजींच्या मुलाखतीचा आज जो भाग ऐकायला मिळतो तो चाळीस मिनिटांचा, नुसता आवाज. सोबत आलेल्या एका विद्यार्थ्याने सहज म्हणून मोबाईलवर नोंदवलेला.