मुक्त संगणकप्रणाली आणि सामान्य वापरकर्ता

संगणक चालविणाऱ्या मूळ प्रणालींपैकी लिनक्स ही मुक्त प्रणाली होय. ती विनामूल्य मिळते. मात्र ती जाणकारांपुरतीच, असा समज रूढ आहे. केरळमधील शाळांनी तो खोटा ठरविला. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने शालेय संगणक क्रमाक्रमाने लिनक्सवर आणले. प्रणालीबरोबर माणसेही तयार करण्यात आली. शिक्षकांतूनच प्रशिक्षक निवडले गेले, मल्याळमची सोय झाली. अडचण आली तर विचारावयास माहितगार सहकारी होता. यशाचे खरे श्रेय या व्यवस्थेलाच द्यावयास हवे.

जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेनेही २००३ मध्ये हा मार्ग धरला, सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरविले. बाहेरून आलेल्या दस्तऐवजांची मांडणी बिघडते, ही तेथील एक तक्रार होती.

विंडोज १० चे नियमित सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. नवी आवृत्ती न पेलणारे जुने संगणक भंगारात काढण्यापूर्वी ग्रामपंचायतींनी व शाळांनी एका संगणकावर लिनक्स घालून पाहावे. प्रिंटर चालतो का, डिजिटल स्वाक्षरीचा डोंगल ओळखला जातो का, जुन्या फाँटमधील मराठी पत्रे वाचता येतात का, हे आठवडाभरात कळते.